पॉयझन आयव्ही की तिचा तोतया? झाडे ओळखणाऱ्या एका ॲपचे परीक्षण

अमेरिकेच्या पूर्व भागात ज्यांच्या घरामागे जुने कुंपण, झाडांची रांग किंवा नुसता दुर्लक्षित कोपरा आहे, त्यांच्यापुढे दर वसंतात तोच प्रश्न उभा राहतो. कुंपणाच्या बुडाशी तीन-तीन पर्णिकांची (एका देठावरच्या छोट्या पानांची) जी कोवळी रोपे फुटली आहेत, ती हाताने उपटून टाकावीत, की त्यांच्यापासून चार हात दूर राहावे? पॉयझन आयव्ही ही नुसत्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठवणारी वेल दिसायला इतकी सामान्य आहे, आणि तिच्यासारखी दिसणारी निरुपद्रवी झाडे त्याच कोपऱ्यात इतक्या संख्येने उगवतात, की फोनने फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारे ॲप हा या प्रश्नाचा सर्वांत सोयीस्कर तोडगा वाटतो. अशाच एका वर्गणीच्या ॲपचा वापर मी वसंतापासून पानगळीपर्यंत न्यू जर्सीतल्या परसात केला. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्यांपैकी बहुतेक त्या एका ॲपच्या नसून केवळ फोटोवरून झाड ओळखण्याच्या पद्धतीच्याच आहेत, आणि वाचकाने कोणतेही ॲप घेतले तरी त्या त्याला भेटणारच आहेत.

परीक्षणाची कसोटी आधी ठरवून घ्यायला हवी. बागेतले फूल डेलिया आहे की झिनिया, यात ॲप चुकले तर काही बिघडत नाही. पॉयझन आयव्हीच्या बाबतीत मात्र चुकीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची किंमत सारखी नाही. निरुपद्रवी रोपाला पॉयझन आयव्ही ठरवले, तर फार तर विनाकारण हातमोजे घातले जातात. उलट खऱ्या पॉयझन आयव्हीला निरुपद्रवी म्हटले, तर उघड्या हाताने ती उपटणाऱ्याला दोन-तीन आठवडे खाज, पुरळ आणि पाण्याचे फोड सोसावे लागतात. या वेलीच्या पानांत, खोडात, मुळांत आणि फळांतही उरुशिऑल नावाचे तेलकट द्रव्य असते आणि साधारण ८५ टक्के माणसांना त्याची ॲलर्जी असते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ही वेल आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली आहे. बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला या पुरळाची वेगळी ओळख करून द्यायला नको. पुरळ लगेच उठत नाही, बहुधा १२ ते ४८ तासांनी उठते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच संपर्क आला असेल तर दोन-तीन आठवडेही जाऊ शकतात. म्हणजे हात लावून पाहिला आणि काही झाले नाही, म्हणून झाड निर्धोक, असा निष्कर्ष काढण्याची सोय येथे नाही. म्हणून या ॲपला मी एकच प्रश्न विचारला: ते जेव्हा ‘ही पॉयझन आयव्ही नाही’ असे सुचवते, तेव्हा त्यावर विसंबता येते का?

उत्तर देण्याआधी हे झाड इतके फसवे का आहे ते पाहावे लागेल. ‘तीन पानांच्या झाडाला हात लावू नका’ हे इकडे लहान मुलांनाही पाठ असते आणि ते चुकीचेही नाही. पण तेवढ्यावर अर्धे जंगल आरोपी ठरते. खरी ओळख पानांच्या संख्येत नसून मांडणीत आहे. ज्याला आपण एक पान म्हणतो ते तीन पर्णिकांचे संयुक्त पान असते, आणि मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींच्या देठांपेक्षा स्पष्टपणे लांब असतो. बाजूच्या पर्णिका मुख्य देठाला जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. या बाजूच्या पर्णिकांच्या दोन कडा सारख्या नसतात: आतली कड साधी, तर बाहेरची फुगीर आणि कित्येकदा तिला अंगठ्यासारखा एक उंचवटा असतो. पाने खोडावर एकाआड एक येतात, समोरासमोर कधी येत नाहीत. खोडाला काटे नसतात. वेल झाडावर चढू लागली की खोडाला बारीक, तपकिरी, केसाळ मुळे फुटतात. फळे असलीच तर ती लहान, फिकट पांढरट किंवा राखाडी छटेची असतात.

एवढे सोडले तर बाकी सगळे बदलते. पानांची कड कधी पूर्ण साधी, कधी विरळ दातांची, कधी खोल खाचांची असते, आणि हे तिन्ही प्रकार एकाच परसात सापडतात. कोवळी पाने तांबूस आणि चकचकीत असतात, उन्हाळ्यात ती हिरवी आणि निस्तेज होतात, शरदात पिवळी, नारिंगी, लाल होतात. कधी ही वेल जमिनीसरशी पसरते, कधी झुडपासारखी उभी राहते, तर कधी ओकच्या शेंड्यापर्यंत जाऊन तिथून फांद्यांसारखे हात बाहेर काढते, आणि खालून पाहणाऱ्याला ती त्या ओकचीच पालवी वाटते. नेहमी टिकणाऱ्या खुणा देठात आणि खोडात आहेत, तर सहज डोळ्यांत भरणाऱ्या खुणा पानात आहेत. आणि ॲपचा सारा अडथळा इथेच आहे, कारण ॲप वापरणारा माणूस फोटो काढतो तो पानाचा.

ॲपची कार्यपद्धती सोपी आहे. फोटो दिला की काही सेकंदांत संभाव्य नावांची यादी येते, पहिल्या नावापुढे टक्केवारी असते आणि त्यावर बोट ठेवले की माहितीचे पान उघडते. पडद्यावरची मांडणी सुबक आहे, वापर कोणालाही जमेल असा आहे, आणि जुने फोटो जागेनुसार जपून ठेवण्याची सोय खरोखर उपयोगी आहे. कुंपणाचा कोणता भाग कोणत्या महिन्यात तपासला होता हे नंतर शोधता येते. टक्केवारीबद्दल मात्र सावध राहायला हवे. ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ वेळा बरोबर, असा तिचा अर्थ वाचणारा सहज लावतो. प्रत्यक्षात त्या फोटोतले आकार ॲपला शिकवलेल्या कोणत्या फोटोंशी किती जुळतात, एवढेच ती सांगते. फोटोत जे आलेलेच नाही त्याबद्दल ती मूक असते.

पूर्ण वाढलेल्या, भर उन्हाळ्यातल्या, खाचांच्या पानांच्या पॉयझन आयव्हीला ॲपने बिनचूक ओळखले, उजेड बरा असो वा नसो. रासबेरी आणि ब्लॅकबेरीच्या तीन पर्णिकांच्या कोंबांनाही त्याने योग्य नावे दिली, जरी त्यासाठी ॲपची फारशी गरज नाही: त्यांची कड बारीक दातेरी असते, खोडावर काटे असतात आणि रासबेरीच्या पानाची मागची बाजू पांढरट असते. इंग्लिश आयव्हीचे साधे, एकसंध पान तर त्याने दुरूनही ओळखले. थोडक्यात, जिथे माणूसही थोड्या सरावाने ओळखू शकतो तिथे ॲप चांगले चालते. पैसे मोजायचे असतात ते त्यापुढच्या कामासाठी.

त्या पुढच्या कामाची परीक्षा बॉक्स एल्डरच्या रोपांनी घेतली. बॉक्स एल्डर हा मेपलच्या जातीचा वृक्ष आहे, पण त्याचे पान इतर मेपलसारखे पंजाच्या आकाराचे नसून संयुक्त असते. मोठ्या झाडावर एका पानात बहुधा पाच ते सात पर्णिका असतात. मात्र लहान रोपावर त्या बऱ्याचदा तीनच असतात, मधलीचा देठ लांब असतो, कडेला खाचा असतात आणि बाजूच्या पर्णिकांना तो अंगठ्यासारखा उंचवटाही असतो. पानाचा जवळून काढलेला फोटो पाहिला तर जाणत्या माणसालाही क्षणभर थांबावे लागते. ॲपने या रोपांना बहुतेक वेळा पॉयझन आयव्ही म्हटले, तेही मोठ्या आत्मविश्वासाच्या टक्केवारीनिशी. ही चूक स्वस्तातली आहे म्हणून तीवर मी फारसा रागावलो नाही. पण कुंपणापलीकडच्या पट्ट्यात, जिथे दोन्ही झाडे वीतभर अंतरावर उगवली होती, तिथे एका तांबूस, कोवळ्या, खऱ्या पॉयझन आयव्हीला त्याने बॉक्स एल्डर म्हटले, आणि ही चूक स्वस्तातली नव्हे.

या दोघांतला फरक ओळखायला एक नजर पुरते, फक्त ती पानाकडे नव्हे तर पान खोडाला जिथे जोडले आहे तिथे टाकावी लागते. बॉक्स एल्डरची पाने समोरासमोर जोडीने येतात. एका पेरावर डावीकडे पान असेल तर उजवीकडे, त्याच उंचीवर, दुसरे असतेच. पॉयझन आयव्हीचे एक पान डावीकडे, तर पुढचे थोडे वर उजवीकडे. त्याच रोपाचा बाजूने, पेरे दिसतील असा फोटो दिल्यावर ॲपनेही आपले मत बदलले आणि पहिल्या क्रमांकावर बरोबर नाव आणले. याचा अर्थ त्याला हा फरक मुळीच कळत नाही असे नाही, योग्य कोनातला फोटो मिळाला तर तो कळतो. मग पहिला फोटो मिळाल्यावर ‘खोडासह बाजूने आणखी एक फोटो द्या’ असे ते का विचारत नाही? कोणताही माळी हाच प्रश्न आधी विचारतो. या ॲपच्या बांधणीतली माझ्या मते सर्वांत मोठी त्रुटी हीच: शंका असतानाही ते प्रश्न न विचारता नाव सांगून मोकळे होते.

दुसरी गोष्ट व्हर्जिनिया क्रीपरची. ही वेल पॉयझन आयव्हीची कायमची शेजारीण. दोघींना त्याच झाडांवर, त्याच कुंपणांवर चढायला आवडते आणि शरदात दोघी लाल होतात. हिच्या पानात पाच पर्णिका एका बिंदूतून हाताच्या बोटांसारख्या निघतात, त्यामुळे प्रौढ वेल ओळखणे सोपे असते. पण कोवळ्या कोंबांवर कधी तीनच पर्णिका असतात. अशा कोंबावर ॲप दोन नावांमध्ये डोलत राहिले, आणि ते रास्तच होते. येथेही निकाल पानाबाहेर आहे: व्हर्जिनिया क्रीपर तणाव्यांनी चढते, तणाव्यांच्या टोकांना भिंतीला किंवा सालीला चिकटणाऱ्या लहान चकत्या असतात, आणि फळे गडद निळी-काळी असतात. भिंतींवर लावली जाणारी बॉस्टन आयव्हीही तिच्याच गोत्रातली असून तिच्याही काही पानांत तीन सुट्या पर्णिका येतात. तिलाही चकत्यांचेच तणावे असतात. हे तणावे फोटोत असले तर ॲप चुकले नाही, नसले तर त्याचा भरवसा उरला नाही.

अडचण याहून गंभीर होते ती दोन्ही वेली एकमेकींत गुंतलेल्या असतात तेव्हा, आणि त्या बऱ्याचदा तशाच असतात. एका जुन्या चेरीच्या खोडावर व्हर्जिनिया क्रीपरच्या दाट पाच-पाच पर्णिकांमधून पॉयझन आयव्हीच्या दोन फांद्या बाहेर डोकावत होत्या. फोटोत दोन्ही स्पष्ट आल्या होत्या. ॲपने नाव दिले फक्त व्हर्जिनिया क्रीपरचे, जवळपास पूर्ण खात्रीने, आणि दिलेले नाव खोटे नव्हते. एका फोटोला एक नाव या पद्धतीत चौकटीतल्या दुसऱ्या झाडाला जागाच नाही. नवशिक्याने ते नाव वाचून वेल ओढून काढली असती, तर पुढे काय झाले असते हे सांगायला नको. ज्यांना वेलींचे जाळे साफ करायचे आहे त्यांनी ॲपचे एक उत्तर साऱ्या जाळ्याला लावू नये. प्रत्येक खोड जमिनीपर्यंत नजरेने शोधावे.

बाकीचे तोतये थोडक्यात उरकता येतील. फ्रॅग्रंट सुमॅक या झुडपाची मधली पर्णिका देठाविना, निमुळती होत जोडलेली असते आणि फळे लाल, लवदार असतात. ॲपने त्यात गोंधळ केला नाही. या झुडपाची पाने चुरगळून वास घेण्याचा सल्ला काही ठिकाणी दिलेला आढळतो, तो मात्र ओळख पटण्याआधी कोणी पाळू नये. हॉग पीनट ही नाजूक वेल आधाराला पीळ घालत चढते, पॉयझन आयव्ही कधी पीळ घालत नाही. तरी साध्या कडेच्या पॉयझन आयव्हीला ॲपने एकदा हॉग पीनट म्हटले. जॅक-इन-द-पुल्पिटची तीन पर्णिकांची पाने थेट जमिनीतून वर येतात, त्यांना लाकडी खोड नसते, आणि ॲप तेथे अचूक ठरले.

हिवाळ्यात आणि वसंताच्या अगदी सुरुवातीला ॲप जवळजवळ निरुपयोगी आहे. पाने गळाल्यावरही वेल तेवढीच बाधते, कारण उरुशिऑल खोडात आणि मुळांत असतेच. जुन्या ओकच्या सालीवर मनगटाएवढा जाड, केसाळ दोर चिकटल्यासारखा दिसला तर तो बहुधा पॉयझन आयव्हीचाच असतो. असे खोड एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही. ॲपने त्याच्या फोटोवर ओकचे नाव दिले. सालीचा भाग मोठा होता, त्यामुळे तेही समजण्यासारखे आहे. पण बहुतेक लोक वेल तोडण्याचे काम पाने नसतानाच करतात, कारण तेव्हा झाडी विरळ असते, आणि नेमक्या त्याच वेळी हा सल्लागार गप्प बसतो किंवा भलतेच बोलतो.

माहितीच्या पानांबद्दलही लिहायला हवे, कारण वर्गणीचा मोठा भाग त्यांच्या नावाने घेतला जातो. पॉयझन आयव्हीच्या पानावर लाल चौकटीत ‘विषारी’ असा शिक्का आहे. तोच शिक्का, त्याच रंगात, व्हर्जिनिया क्रीपरवर, डॅफोडिलवर आणि टोमॅटोच्या झाडावरही आहे. व्हर्जिनिया क्रीपरची फळे खाण्याजोगी नाहीत आणि तिच्या रसाने काहींच्या त्वचेला त्रासही होतो, हे खरे. पण खाल्ले तर बाधणारे झाड आणि नुसत्या स्पर्शाने बाधणारे झाड यांना एकच खूण दिली, तर काही दिवसांत वापरणाऱ्याचे त्या खुणेकडे लक्षच जात नाही. उलट ज्या गोष्टी ठळक हव्यात त्या खाली कुठेतरी एका ओळीत आहेत. ही वेल कधीही जाळू नये, कारण धुराबरोबर उरुशिऑल श्वासात जाऊन फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. कात्री, फावडे, हातमोजे आणि बुटांच्या नाड्या यांवर हे तेल दीर्घकाळ टिकते. कुत्र्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण त्याच्या केसांवरून तेल घरात येते. स्पर्श झाल्याची शंका येताच साबण आणि भरपूर पाण्याने त्वचा धुणे हाच पहिला उपाय आहे, आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, ते पसरल्यासारखे वाटते कारण जिथे तेल कमी लागले तिथे ते उशिरा उठते.

एक धोका तर खुद्द ॲपच्या वापरातून निर्माण होतो आणि त्याबद्दल ॲपमध्ये अवाक्षर नाही. चांगला फोटो हवा म्हणून माणूस एका हाताने पान उलटवतो आणि दुसऱ्या हातात फोन धरतो. मग त्याच बोटाने पडद्यावरचे बटण दाबतो, आणि तोच फोन थोड्या वेळाने कानाला लावतो. पान हलवायचे असेल तर लांब काटकीने हलवावे, काटकी तिथेच टाकावी, आणि फोनचे कव्हर पुसून घ्यावे.

पर्याय म्हणून दोन शब्द इथल्या विस्तार सेवेबद्दल. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने उभी राहिलेली ही कृषी विस्ताराची व्यवस्था राज्यांच्या कृषी विद्यापीठांमार्फत चालते. न्यू जर्सीत ते काम रटगर्स विद्यापीठाकडे आहे, आणि मास्टर गार्डनर म्हणून प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक बागेविषयीच्या शंकांना उत्तरे देतात. अशा स्वयंसेवकाला बॉक्स एल्डरचा तोच पानाचा फोटो दाखवल्यावर त्याने नाव सांगितले नाही. पाने समोरासमोर आहेत का आणि खोडाचा फोटो आहे का, हे विचारले. उत्तर यायला वेळ लागला, हा दोष मान्य. पण ज्या कामाला घाई नाही, त्यात हा वेळ सोसता येतो, आणि पॉयझन आयव्ही एका आठवड्याने उपटली तरी काही बिघडत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे परीक्षण जसेच्या तसे लागू करू नये. तिथे पॉयझन आयव्हीऐवजी पॅसिफिक पॉयझन ओक भेटतो, ज्याच्या पर्णिका ओकच्या पानांसारख्या गोलसर खाचांच्या असतात आणि तोतयांची यादीही निराळी असते. पाणथळ जागेजवळ राहणाऱ्यांनी पॉयझन सुमॅकची वेगळी ओळख करून घ्यावी. त्याच्या एका पानात ७ ते १३ पर्णिका असतात, म्हणून तीन पानांचा नियम त्याला लागूच होत नाही.

वर्गणीच्या बदल्यात जे मिळते, म्हणजे जपून ठेवलेले फोटो, बिनजाहिरातीचा पडदा आणि माहितीची पाने, ते बागेची हौस असणाऱ्याला मोलाचे वाटेल. पॉयझन आयव्ही ओळखण्याच्या कामात मात्र विनामूल्य आवृत्ती आणि सशुल्क आवृत्ती यांच्यात मला फरक दिसला नाही, कारण ओळखणारे यंत्र दोन्हीकडे एकच आहे. बागेसाठी पाचपैकी चार गुण, या कामासाठी दोन. घ्यायचेच असेल तर विनामूल्य आवृत्ती घ्यावी आणि प्रत्येक रोपाचे तीन फोटो द्यावेत: संपूर्ण रोपाचा, पान खोडाला जोडते त्या पेराचा, आणि तीन पर्णिकांच्या देठांचा. तिन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर ते रोप पॉयझन आयव्ही समजून हातमोजे चढवावेत.